इम्पॅक्ट फॅक्टर जेमतेम एक, तर विषय बदलू का?

पत्र : सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित कॉलेजात मी ग्रंथपाल आहे आणि नोकरी सांभाळून ग्रंथालयशास्त्रात पीएच.डी. करते आहे. 'जर्नल ऑफ कॉम्बिनेटोरियल थिअरी, सिरीज ए' या गणिताच्या जर्नलचा २०११ ते २०२० या काळातला बिब्लिओमेट्रिक (पेपर आणि संदर्भ यांच्या आकडेवारीचा) अभ्यास, हा विषय गाईडनी सुचवला. स्कोपस या संदर्भ-डेटाबेसमधून डेटा उतरवला, तक्ते झाले, व्हॉसव्ह्यूअर या सॉफ्टवेअरचे रंगीत नकाशेही झाले. परवाच्या आरएसीत (संशोधन सल्लागार समितीत) बाहेरून आलेल्या एका सरांनी विचारलं, "इम्पॅक्ट फॅक्टर एकच्या आसपास, बहुतेक पेपर दोन-तीन लेखकांचे, कित्येकांना एकही सायटेशन (इतर पेपरांनी दिलेला संदर्भ) नाही. असलं किरकोळ जर्नल कशाला घेतलंत? मेडिकलचं एखादं घ्या." मला उत्तर देता आलं नाही. दुसरं म्हणजे, २०२१ पासून या जर्नलच्या संपादक मंडळातली बहुतेक नावं बदललेली दिसतात, त्याचं कारण कळलं नाही. गणित माझं बारावीनंतर सुटलं. विषय बदलू का? आणि 'पंधरा दिवसांत स्कोपसमध्ये पेपर' अशा मेल येतात, त्यातून एखादा छापून घ्यावा का? — एक ग्रंथपाल

उत्तर :

विषय बदलू नका. 'दुसरं म्हणजे' म्हणून तुम्ही जे एका ओळीत उरकलंत, तुमचा खरा प्रबंध तिथेच आहे. पण त्याकडे वळण्याआधी त्या बाहेरच्या सरांचं काय करायचं ते बघू, कारण पुढच्या आरएसीत ते पुन्हा समोर असणार.

इम्पॅक्ट फॅक्टर कसा काढतात हे तुम्हाला मी सांगायला नको, पण सरांना सांगावं लागेल. २०२० चा आकडा म्हणजे २०१८ आणि २०१९ मध्ये छापलेल्या पेपरांना २०२० या एका वर्षात मिळालेली सायटेशन्स, भागिले त्या दोन वर्षांतले पेपर. समजा दोनशे पेपर आणि दोनशे वीस सायटेशन्स. आकडा आला १.१. तोच पेपर २०३१ मध्ये शंभर जणांनी वापरला तरी या हिशोबात त्याचा एक पैसा जमा होत नाही. सायटेशन मोजण्याची पद्धत रुजवणाऱ्या युजीन गारफील्ड यांच्या संस्थेने १९७५ पासून 'जर्नल सायटेशन रिपोर्ट्स' काढायला सुरुवात केली, तेव्हा तुमच्यासारख्या ग्रंथपालांना वर्गणीच्या पैशांत कोणती जर्नलं घ्यावीत हे ठरवता यावं, हा त्यामागचा एक मोठा उपयोग होता. दोन वर्षांची खिडकी जीवरसायनासारख्या धावत्या विषयांना बरी बसते. गणिताला ती लावणं म्हणजे आंब्याच्या बागेचं उत्पन्न कोथिंबिरीच्या हंगामात मोजणं.

हे माझं मत म्हणून सांगू नका, सरांना मत नको असतं, कागद हवा असतो. तो कागद आहे. इंटरनॅशनल मॅथेमॅटिकल युनियन आणि आणखी दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून २००८ मध्ये सायटेशनच्या आकडेवारीवर एक अहवाल काढला. गणिताच्या जर्नलांमधली सुमारे ३० लाख सायटेशन्स तपासल्यावर त्यांना दिसलं, की साधारण ९० टक्के सायटेशन्स या दोन वर्षांच्या खिडकीबाहेर पडतात. म्हणजे सर ज्या एकवर बोट ठेवत होते, तो एक उरलेल्या दहा टक्क्यांतून आलेला आहे. आणि गणितातलं सर्वांत मानाचं जर्नल कोणतं असं विचारलं तर बहुतेक गणिती 'अॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स' म्हणतील. त्याचा आकडासुद्धा पाच-सहाच्या घरात फिरतो. मेडिकलच्या मधल्या फळीतल्या जर्नलांना तेवढा सहज मिळतो. सरांच्या फूटपट्टीने मग अॅनल्सही किरकोळच.

आता तुमच्याच जर्नलमधलं एक उदाहरण देतो, ते सिनॉप्सिसमध्ये घाला. 'सेट' नावाचा पत्त्यांचा खेळ असतो. ८१ पत्ते, प्रत्येकावर चार गोष्टी : आकार, रंग, संख्या आणि भरण. प्रत्येक गोष्टीचे तीन प्रकार. तीन पत्त्यांमध्ये प्रत्येक गोष्ट एकतर तिन्हींवर सारखी किंवा तिन्हींवर वेगळी असेल तर तो 'सेट'. प्रश्न असा, की एकही सेट होणार नाही असे जास्तीत जास्त किती पत्ते टेबलावर ठेवता येतील? उत्तर २०, एकविसावा पत्ता टाकलात की सेट होणारच. आता चारऐवजी शंभर गोष्टी असतील तर? याला कॅप सेटचा प्रश्न म्हणतात. रॉय मेशुलाम यांनी १९९५ मध्ये एक वरची मर्यादा सिद्ध केली : एकूण पत्त्यांना गोष्टींच्या संख्येने भागावं, साधारण त्या भागाकारापेक्षा जास्त पत्ते ठेवता येणार नाहीत. तो पेपर सिरीज एच्या ७१व्या खंडात आहे, पान १६८ ते १७२. पाच पानं. पुढची वीसएक वर्षं या प्रश्नावर काम करणाऱ्या प्रत्येकाला ती पाच पानं ओलांडूनच जावं लागलं. २०१२ मध्ये त्यात थोडी सुधारणा झाली, आणि मे २०१६ मध्ये क्रूट, लेव्ह आणि पाख यांच्या युक्तीवरून एलेनबर्ग आणि खायस्वाइट यांनी मर्यादा एकदम खाली आणली. ज्या दिवशी जुना निकाल मागे पडला, त्या दिवसापासून नव्या पेपरांच्या प्रस्तावनेत त्याचं नाव पुन्हा येऊ लागलं. १९९५ चा पेपर, आणि इम्पॅक्ट फॅक्टरसाठी त्याची फक्त १९९६ आणि १९९७ ही दोन वर्षं मोजली गेली! स्कोपसमध्ये त्या एका पेपरचा वर्षवार आलेख काढा आणि आरएसीत पडद्यावर टाका. दहा वाक्यांचं काम होईल.

याच गोष्टीत आणखी एक धडा दडला आहे. २०१६ चे ते दोन्ही पेपर आर्काइव्हवर (पेपर छापण्याआधीच सर्वांना खुले करण्याच्या संकेतस्थळावर) मे महिन्यात आले, अॅनल्समध्ये छापून आले २०१७ मध्ये. मधल्या काळात ते वाचून, वापरून इतरांनी नवे पेपर लिहिलेसुद्धा. कॉम्बिनेटोरिक्समध्ये, म्हणजे मांडण्या आणि निवडी यांच्या या गणितात, हे नेहमीचंच आहे. लोक आर्काइव्हवर वाचतात आणि तिथलाच संदर्भ देतात. जर्नलचा अंक निघतो तेव्हा पहिली गर्दी ओसरलेली असते. आर्काइव्हच्या नावावर पडलेलं सायटेशन जर्नलच्या खात्यात जमा होईलच याची खात्री नसते. हे तुम्हाला तुमच्याच डेटावर दाखवता येईल, त्यासाठी गणित येण्याची गरज नाही. या जर्नलच्या प्रत्येक पेपरच्या पहिल्या पानावर हस्तलिखित मिळाल्याची तारीख छापलेली असते. ती, आर्काइव्हवर पहिल्यांदा टाकल्याची तारीख आणि अंकाची तारीख असे तीन रकाने करा. दहा वर्षांचे सगळे पेपर नकोत, दर वर्षीचे वीस-पंचवीस चिठ्ठ्या टाकून निवडा. मिळाल्यापासून छापेपर्यंतचा मध्यक काढा. हा एक तक्ता तुमच्या आत्ताच्या निम्म्या तक्त्यांपेक्षा मोलाचा ठरेल. जुने अंक वाचायला पैसे पडत नाहीत; प्रकाशकाने गणिताच्या जर्नलांचे चार वर्षांहून जुने पेपर मोफत खुले केले आहेत. तेही आपखुशीने नाही. २०१२ मध्ये गणितज्ञ टिमोथी गावर्स यांच्या हाकेवरून हजारो संशोधकांनी एल्सव्हिअर या प्रकाशकावर बहिष्कार टाकला, त्यानंतरची ती गोष्ट.

आता तुमच्या तक्त्यांबद्दल. पत्रासोबत तुम्ही त्यांची यादी पाठवली आहे, ती वाचून मला वाटलं, की हा ढाचा आधीच्या कुठल्यातरी प्रबंधातून जसाच्या तसा उतरलाय. ग्रंथालयशास्त्रात ही सवय फार आहे, राग मानू नका. सापेक्ष वृद्धिदर आणि दुपटीचा काळ हा तक्ता काढून टाका. एखाद्या विषयाचं साहित्य कसं वाढतंय हे मोजायला तो ठीक आहे. एका जर्नलमध्ये वर्षाला किती पेपर यावेत हे संपादक आणि प्रकाशक ठरवतात. तिथे 'दुपटीचा काळ' काढून तुम्ही प्रकाशकाचं पानांचं बजेट मोजता, दुसरं काही नाही.

पहिल्या लेखकाचा तक्ता तर आधी काढा. गणितात लेखकांची नावं आडनावाच्या वर्णक्रमाने लावतात. अॅलन आणि झुकरमन यांनी मिळून लिहिलं तर अॅलन पहिला, मग सगळं काम झुकरमनने केलेलं असो. तुमच्या तक्त्यात ए आणि बी अक्षरांची माणसं 'प्रमुख लेखक' म्हणून वर आली असतील. बघा, आलीच असणार. एखाद्या गणितज्ञ परीक्षकाच्या हाती हा तक्ता पडला तर व्हायव्हाची पहिली वीस मिनिटं तिथेच जातील.

सहलेखनाबद्दल सर म्हणाले ते आकड्याने खरं आहे आणि अर्थाने चुकीचं. सुब्रमण्यम यांच्या सूत्राने सहलेखनाचं प्रमाण काढा, हरकत नाही. पण प्रयोगशाळेत दहा जणांची नावं लागतात कारण दहा जणांनी दहा यंत्रं चालवलेली असतात. इथे फळा आणि खडू. दोन-तीन लेखक हीच या विषयाची रीत आहे. तुलना करायचीच तर १९७१ च्या अंकांशी करा. त्या वर्षी मूळ जर्नल दोन मालिकांत विभागलं गेलं, म्हणून ते वर्ष सोयीचं. एकट्याने लिहिलेले पेपर किती घटले, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

आणि ते रंगीत नकाशे. दिसतात छान. पण लेखकांनी मनाला येईल तसे दिलेले कीवर्ड जोडून 'संशोधनाचे प्रवाह' सापडत नाहीत. एक 'कॅप सेट' लिहितो, दुसरा 'अंकगणिती श्रेणी', तिसरा 'स्लाइस रँक', आणि तिघं एकाच प्रश्नावर काम करत असतात. गणिताकडे याहून चांगलं साधन आहे, आणि ते तुमच्या हातचं आहे कारण ते शुद्ध वर्गीकरण आहे. पुस्तकांच्या ड्यूई वर्गीकरणाची सवय असलेल्या माणसाला दोन दिवसांत जमेल. जगातला गणिताचा जवळपास प्रत्येक पेपर एमएससी (मॅथेमॅटिक्स सब्जेक्ट क्लासिफिकेशन) नावाच्या विषयसंकेतांत बसवलेला असतो. कॉम्बिनेटोरिक्सचा क्रमांक ०५. त्यात ०५ए म्हणजे गणना (किती प्रकारे करता येईल), ०५बी म्हणजे डिझाइन्स (ठरावीक नियमांत बसणाऱ्या गटांच्या मांडण्या), ०५सी ग्राफ थिअरी, ०५डी टोकाच्या मर्यादांचे प्रश्न, ०५ई बीजगणिताशी जोडलेला भाग. ग्राफ थिअरी मुख्यतः सिरीज बीकडे जाते, बाकीचं सिरीज एकडे. झेडबीमॅथ ओपन हा डेटाबेस १ जानेवारी २०२१ पासून सर्वांना मोफत आहे, कॉलेजची वर्गणी लागत नाही. तिथून प्रत्येक पेपरचे संकेत उतरवा आणि दर वर्षी कोणता गट किती वाढला ते बघा. फक्त एक लक्षात ठेवा : २०२० मध्ये संकेतांची यादी सुधारली गेली, त्यामुळे शेवटच्या वर्षाच्या आसपास जुने-नवे संकेत जुळवून घ्यावे लागतील.

आकडे आले, की त्यांच्या शेजारी विषयातल्या घडामोडी ठेवा. २०१४ मध्ये पीटर कीवॅश यांनी डिझाइन्सच्या अस्तित्वाचा दीडेकशे वर्षं जुना प्रश्न सोडवला. २०१६ मध्ये वर सांगितलेला कॅप सेट. बीजगणिताच्या बाजूला जून हू यांचं काम याच दशकातलं, त्यांना २०२२ मध्ये फील्ड्स पदक मिळालं. यातलं बरंचसं सिरीज एमध्ये छापलं गेलेलं नाही, पण त्याचे पडसाद तिथे उमटतात का, किती वर्षांनी उमटतात, हे तुमच्या तक्त्यातून कळेल. 'प्रवाह' शोधायचे ते असे.

आता मुख्य गोष्ट.

१९६६ मध्ये फ्रँक हॅरारी आणि जियान-कार्लो रोटा यांनी हे जर्नल सुरू केलं. २०२० मध्ये सिरीज एच्या संपादक मंडळातल्या बहुतेकांनी प्रकाशक एल्सव्हिअरला कळवलं, की वर्षअखेरीस आम्ही जातो. ते गेले आणि त्यांनी 'कॉम्बिनेटोरियल थिअरी' नावाचं नवं जर्नल काढलं. मालकी गणितींचीच. वाचणाऱ्याला पैसे नाहीत, लिहिणाऱ्यालाही नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ई-स्कॉलरशिप या व्यासपीठावरून ते निघतं, आणि तिथे रेफरीला लेखकाचं नावही कळत नाही, जे गणितात अजून दुर्मीळ आहे. पहिला अंक डिसेंबर २०२१ मध्ये आला. जुनं नाव, जुने खंड आणि तो एकचा इम्पॅक्ट फॅक्टर प्रकाशकाकडे राहिले; प्रकाशकाने नवं मंडळ नेमलं आणि सिरीज ए चालू ठेवली. तुम्हाला जी बदललेली नावं दिसली, ती ही.

असं पहिल्यांदाच झालं नव्हतं. 'टोपॉलॉजी' या जर्नलचं मंडळ २००६ मध्ये असंच उठलं होतं. स्प्रिंगरच्या 'जर्नल ऑफ अल्जिब्राइक कॉम्बिनेटोरिक्स'च्या मंडळाने २०१७ मध्ये राजीनामे दिले आणि २०१८ पासून 'अल्जिब्राइक कॉम्बिनेटोरिक्स' काढलं. कॉम्बिनेटोरिक्सवाल्यांच्या अंगात हे आधीपासून आहे म्हणा : हर्बर्ट विल्फ आणि नील काल्किन यांनी 'इलेक्ट्रॉनिक जर्नल ऑफ कॉम्बिनेटोरिक्स' १९९४ मध्येच सुरू केलं, मोफत, जेव्हा आपल्याकडच्या बहुतेक ग्रंथालयांत इंटरनेट पोचलंही नव्हतं.

तुमची वर्षं बघा : २०११ ते २०२०. बरोबर त्या घटनेच्या उंबरठ्यावर तुम्ही थांबलात. पाऊल पुढे टाका, २०२४ पर्यंत या. मग तुमच्या हाती जगातल्या कुठल्याही आरएसीला ऐकावासा वाटेल असा प्रश्न येतो : संपादक उठून गेले, तेव्हा लेखक कोणाबरोबर गेले? नावाबरोबर राहिले की माणसांबरोबर गेले?

हे मोजता येतं. २०१६ ते २०२० मध्ये ज्यांचे सिरीज एमध्ये दोन किंवा अधिक पेपर आहेत त्यांची यादी करा. २०२१ नंतर त्यांचं लिखाण कुठे छापलं गेलं ते बघा. जुनं जर्नल, नवं जर्नल, की तिसरंच काही. पण २०२१ चे अंक सरसकट 'नंतर'मध्ये टाकू नका; त्यातले पुष्कळ पेपर जुन्या मंडळाने आधीच घेतलेले असणार. म्हणूनच ती 'मिळाल्याची तारीख' लिहून ठेवायला सांगितली. विभागणी अंकाच्या तारखेने नको, त्या तारखेने करा. आणि तुलनेला सिरीज बी घ्या. प्रकाशक तोच, घराणं तेच, पण २०२० मध्ये तिचं मंडळ जागेवर राहिलं. ए आणि बीमध्ये फरक दिसला तर त्याला काही अर्थ असेल.

इम्पॅक्ट फॅक्टरची गंमतही इथेच दिसेल. नव्या जर्नलकडे माणसं तीच, रेफरी तेच, कसोटी तीच. पण मागची दोन वर्षंच नसल्यामुळे सुरुवातीला आकडाच नाही. आपल्या विद्यापीठांत बढतीच्या गुणांच्या रकान्यात असा पेपर दाखवताना लेखकाला घाम फुटतो. नोकरी न लागलेल्या तरुण लेखकांनी जुन्याच नावाला धरून राहिलं का, आणि कायम नोकरीतले नव्याकडे गेले का, हे तुम्हाला डेटातून थोडंफार तपासता येईल. मला उत्तर माहीत असल्यासारखं वाटतं, पण तुम्ही माझं ऐकून सुरुवात करू नका.

गणिताची भीती. सिद्धता समजायला हव्यात असं नाही, पण ही माणसं काय करतात याची चव घ्यायला हवी, नाहीतर प्रबंधभर तुम्ही 'सदर विषयातील साहित्य' असंच लिहीत राहाल. त्यासाठी एक काम देतो. शरदचंद्र श्रीखंडे हे नाव कदाचित ऐकलं असेल. जन्म सागरचा, मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे पहिले प्रमुख, २०२० मध्ये १०२व्या वर्षी गेले. १९५९ मध्ये आर. सी. बोस, ई. टी. पार्कर आणि श्रीखंडे यांनी ऑयलरचं १७८२ मधलं एक अनुमान खोटं पाडलं आणि ती बातमी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर आली.

चौकटीच्या कागदावर ४ × ४ ची सोळा घरं काढा. पहिल्या आकृतीत प्रत्येक घर त्याच्या ओळीतल्या तीन आणि रकान्यातल्या तीन घरांशी जोडलेलं समजा, बुद्धिबळातला हत्ती जातो तसं. प्रत्येकाला सहा शेजारी. दुसऱ्या आकृतीत प्रत्येक घर वर, खाली, डावीकडे, उजवीकडे आणि एका कर्णावर दोन्ही दिशांना एकेक पाऊल जोडा; कडेला पोचलात की समोरच्या कडेने आत या. इथेही सहा शेजारी. दोन्ही आकृत्यांत कुठलीही दोन घरं घ्या, त्यांचे समाईक शेजारी बरोबर दोन. सगळे आकडे सारखे. आता एका घराचे सहा शेजारी तेवढे बघा. पहिल्या आकृतीत ते आपसांत दोन सुटे त्रिकोण करतात, दुसऱ्यात एक षटकोन. म्हणजे आकडे जुळले तरी आकृत्या वेगळ्या. या दुसरीला जगभर 'श्रीखंडे ग्राफ' म्हणतात. पेन्सिल घेऊन एकदा करून बघा, अर्ध्या तासाचं काम आहे, आणि सिरीज ए कशाबद्दल आहे ते तुम्हाला कुठल्याही नकाशापेक्षा नीट कळेल.

श्रीखंडेंचा या ग्राफचा मूळ पेपरही १९५९ चाच, आणि तो 'अॅनल्स ऑफ मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स'मध्ये, म्हणजे संख्याशास्त्राच्या जर्नलमध्ये आहे. सिरीज एची मूळ माउली निघायला अजून सात वर्षं होती. आज त्या ग्राफचं नाव घेणारे कितीतरी पेपर मूळ पेपरचा संदर्भ देतच नाहीत. नाव इतकं रुळलंय, की देण्याची गरज वाटत नाही. स्कोपसमध्ये 'श्रीखंडे ग्राफ' शीर्षक, सारांश आणि कीवर्डमध्ये शोधा आणि त्यातल्या कितींच्या संदर्भसूचीत १९५९ चा पेपर आहे ते मोजा. हा तुमच्या प्रबंधाचा छोटा, पण महाराष्ट्रातल्या परीक्षकाला आवडेल असा भाग होऊ शकतो. उलटं टोकही आहे : एर्डोश, को आणि राडो यांनी आपलं प्रसिद्ध प्रमेय १९३८ मध्ये सिद्ध केलं आणि छापलं १९६१ मध्ये, कारण तेव्हा कॉम्बिनेटोरिक्समध्ये कोणाला फारसा रस नव्हता, असं एर्डोश यांनीच नंतर लिहिलं आहे. त्या २३ वर्षांत त्याला सायटेशन किती मिळाली असतील ते सरांना विचारा.

शेवटी त्या मेल. नाही, छापू नका. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही अट राहिलेली नाही. मात्र विद्यापीठं स्वतःची अट ठेवू शकतात, तेव्हा तुमच्या विद्यापीठाचं ताजं परिपत्रक काढून बघा; गाईडच्या आठवणीवर विसंबू नका. यूजीसीची मान्य जर्नलांची, पुण्याहून चालणारी केअर यादीही २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे 'केअर लिस्टेड' म्हणून येणारी मेल तर शिळा माल विकते आहे. आणि ज्या बाईचा प्रबंधच सायटेशनच्या खऱ्याखोट्यावर आहे तिने पैसे देऊन पंधरा दिवसांत पेपर छापला, हे व्हायव्हात निघालं तर?

गणितात हा रोग किती पसरलाय ते सांगतो. २०२३ मध्ये इम्पॅक्ट फॅक्टर काढणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीने 'हायली साइटेड रिसर्चर्स'च्या यादीतून गणित हा विषयच वगळला. या विषयात एकूण सायटेशन्स थोडी असतात, त्यामुळे काही मोजक्या लोकांनी संगनमत केलं तरी यादी हलते. त्याआधी २०११ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या 'नोटिसेस'मध्ये एका जर्नलचं शवविच्छेदन छापून आलं. उपयोजित गणितात सलग काही वर्षं त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर पहिला होता, आणि त्याला सर्वाधिक सायटेशन्स देणाऱ्यांत त्याचेच संपादक पुढे होते. तो लेख आरएसीच्या फाइलमध्ये लावून ठेवा. 'मेडिकलचं मोठं आकड्याचं घ्या' म्हणणाऱ्या सरांना आकडा मोठा होण्याचे किती रस्ते असतात हे तिथे सापडेल.

तुमचा स्वतःचा पेपर हवाच असेल तर त्या तीन तारखांच्या तक्त्यावर लिहा. ग्रंथालयशास्त्राच्या चांगल्या जर्नलला पाठवा, सहा महिने थांबायची तयारी ठेवा.

शीर्षक बदलायला घाबरू नका, पण रीतसर बदला. मूळ शीर्षकातली वर्षं २०२४ पर्यंत वाढवणं आणि 'संपादक मंडळाच्या स्थलांतराचा परिणाम' असं उपशीर्षक जोडणं, एवढंच मागा. बहुतेक विद्यापीठांत तेवढ्यासाठीही आरआरसीची (संशोधन मान्यता समितीची) मंजुरी लागते, आणि तिच्या बैठका वर्षातून मोजक्याच होतात. त्यामुळे आधी तारीख विचारून घ्या, मग अर्ज लिहायला बसा. अर्जाला २०२० आणि २०२१ च्या संपादक मंडळांची नावं दोन रकान्यांत, शेजारी शेजारी जोडा. गाईडना आधी तो कागद दाखवा.